ग्लेनिस आणि गावभरच्या किल्ल्या

आमच्या ट्रेगोवनमध्ये कुणी भिंतीला शिडी टेकवली, की दहा मिनिटांच्या आत ग्लेनिस ट्रेंबाथ तिथं उगवते. तिला कोण कळवतं, हे मला सव्वीस वर्षांत समजलेलं नाही. पन्हळीतला पाचोळा काढायचा असो, अँटेना सरळ करायचा असो, नाताळचे दिवे लावायचे असोत. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात अंगाला बांधायच्या पट्ट्यांची निळी पिशवी आणि गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली एक मोठी लोखंडी कडी, अशी ती फाटकातून आत येते. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला.

"अंगणात गाड्या किती?"

मग एकेका गाडीच्या खिडकीतून हात घालून ती किल्ली काढते आणि गळ्यातल्या कडीत अडकवते. किल्ल्या गाडीतच असतात, कारण आमच्याकडे गाडीतून किल्ली काढायची रीतच नाही. एखादी गाडी वाटेत आली तर ज्याला अडचण होईल त्यानं ती बाजूला करावी, घाईनं दुकानात जायचं असेल तर जी जवळ उभी असेल ती न्यावी, इतकं साधं. मी नवी होते तेव्हा किल्ली काढून पर्समध्ये टाकायचे, तर शेजारच्या हेडली ब्रेनं तोंडावर विचारलं होतं, "का गं बाई, आम्ही चोर दिसतो का?"

एकदा आमचे हे पन्हळ साफ करायला चढले. हे शाळेत गणित शिकवतात. चौथ्या पायरीवर होते तोवर फाटक वाजलं.

"उतर खाली, मास्तर."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"पडायला दोन सेकंद लागतात. तू गणिताचा ना? कर हिशेब."

उतरावं लागलं. तिनं शिडीचे पाय मागं ओढले. उंची चार हात असेल तर पाय भिंतीपासून एक हात लांब, आणि टोक पन्हळीच्या वर निदान तीन पायऱ्या. पहिल्या खेपेला ह्यांनी वर जाऊन फक्त शिडीचं डोकं बांधलं, तेवढा वेळ ग्लेनिस खालच्या पायरीवर सगळा भार देऊन उभी होती. मग ह्यांना मांड्यांतून आणि खांद्यांवरून पट्टे चढवले, इतके आवळून की हे पोरासारखे कळवळले. दोर छपरावरून पलीकडे टाकून मागच्या निलगिरीच्या बुंध्याला बांधला. आणि इतकं सगळं झाल्यावर पाऊण तास ती घराला चकरा मारत राहिली. पुढून मागे, मागून पुढे. मी चहाचा कप घेऊन तिच्यामागं हिंडले. कप घेतला तिनं, पण चहा तसाच गार झाला.

ही चकरा मारायची खोड कुठून आली ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी त्यावर बोलत नाही, एवढंच.

तिचा नवरा क्लेम हा गावातला छपरांचा माणूस होता. त्याचा बापही तोच धंदा करायचा. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, खाणीसाठी आलेली माणसं राहिली, त्यांची दगडी घरं राहिली आणि घरांवरचे पत्रे गंजत राहिले, त्यामुळं क्लेमला कधी काम कमी पडलं नाही. दोर लावायची त्याची पद्धत बापाचीच. ज्या पाख्यावर काम असेल त्याच्या पलीकडच्या अंगाला यूट उभी करायची, म्हणजे मागं उघडा हौदा असलेली ती गाडी, आणि दोर आढ्यावरून पलीकडे टाकून यूटच्या मागच्या हुकात बांधायचा. गाडीसारखं जड दुसरं काय असतं? तीस वर्षं ती पद्धत चालली.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये तो पोस्टाच्या छपरावर होता. दुपारी ग्लेनिस चालत जेवण घेऊन गेली. जेवण म्हणजे पेस्टी; खिमा, बटाटा आणि सलगम भरलेली, वीतभर लांबीची भाजलेली करंजी. खाणवाल्यांच्या घरात दुसरं काय असणार! क्लेमनं वरूनच डबा पाहिला आणि ओरडला, "सॉस कुठाय?" सॉस विसरला होता. ती म्हणाली, आणते. कोपऱ्यावरून पलीकडे गेली तर यूट उभी. आतापर्यंत शंभर वेळा चालवलेली. किल्ली आत. हौद्यातली ताडपत्री मागं लोंबत होती, तिच्याखाली हूक आणि गाठ झाकली गेली होती, आणि भिंतीवरून वर गेलेला दोर घाईत तिच्या ध्यानात आला नाही. तिथून क्लेम दिसत नव्हता. ती बसली, रेडिओ लागला आणि ती निघाली.

दोरानं क्लेमला पाख्यावरून वर आढ्यापर्यंत ओढत नेलं आणि आढ्यावरून पलीकडच्या अंगणात फेकलं.

तो वाचला. सहा महिने ॲडलेडच्या इस्पितळात होता. खुबा लोखंडाचा झाला, उजवा पाय तीन बोटं आखूड झाला. त्यानंतर तो छपरावर चढला नाही. ओसरीत बसून गावाची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो, आल्यागेल्याची चेष्टा करतो. ग्लेनिसला त्यानं एका शब्दानं दोष दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यानं पेस्टीवर सॉस घेतला नाही. दर शुक्रवारी त्यांच्याकडे पेस्टी होते, बाटली टेबलावर असते, क्लेम कोरडी खातो. ग्लेनिसनं मला एकदाच सांगितलं होतं, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता. "ओरडला असता तर बरं झालं असतं गं. हा माणूस जेवताना मला शिक्षा देतो."

क्लेम इस्पितळात असतानाच ती शहरात दोन दिवसांच्या एका वर्गाला जाऊन आली. उंचीवर काम करणाऱ्यांचा वर्ग. सेहेचाळीस वर्षांची एकटी बाई, बाकी सगळे विशीतले दांडगे पुरुष. परत आली ती निळी पिशवी घेऊनच. तेव्हापासून गावात कुणी दोराशिवाय चढत नाही, आणि ती कुठल्याही गाडीला दोर बांधू देत नाही. झाड, दगडी खांब, छपराच्या वाशात पक्का बसवलेला लोखंडी आकडा, यांतलं काही असेल तर ठीक. नसेल तर चढायचं नाही.

त्यांची मुलगी टॅमसिन तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती मोठी होऊन काय झाली म्हणाल? शहरात छपरांचीच कामं करते. कळलं तेव्हा ग्लेनिस महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट, आमच्याकडे तेव्हा ऐन उन्हाळा. टॅमसिन चार दिवस आईवडिलांकडे आली होती. शुक्रवारी सकाळी सात वाजता हेडली धापा टाकत आमच्या गल्लीत आला. गावच्या सभागृहाला आम्ही इन्स्टिट्यूट म्हणतो, त्याची देखभाल हेडलीकडे. रस्त्याच्या बाजूच्या पाख्यावर मधले दोन पत्रे सुटले होते. दुपारी उत्तरेचा वारा सुटणार आणि चारच्या सुमारास दक्षिणेकडून वादळ येणार, असं रेडिओ पहाटेपासून सांगत होता. वादळात मदतीला येणारं पथक सत्तर किलोमीटरवर दुसऱ्याच कामात अडकलेलं. आणि बरोबर त्या पाख्याखालच्या फुटपाथवर तीन चाळीसला शाळेची बस मुलं उतरवते.

"बस दुसरीकडे थांबवता येईल," टॅमसिन बूट चढवत म्हणाली, "पण सुटलेला पत्रा कुठं जाऊन पडेल ते त्याला कोण सांगणार? वारा सुटायच्या आत करून टाकते. तासाभराचं काम."

"आधी वासे बघ," ग्लेनिस म्हणाली.

टॅमसिन छताच्या झरोक्यातून आत शिरली आणि दहा मिनिटांनी डोक्यावर कोळिष्टकं घेऊन बाहेर आली. हातातला स्क्रूड्रायव्हर तिनं आईला दाखवला. मुठीपर्यंत भुसा लागला होता. "वाळवी. मधले चार वासे नुसते बिस्किटासारखे झालेत. त्यात आकडा ठोकला तर शिंकेनं निघेल. पत्रे बसवायला आडव्या पट्ट्या पुरतील, पण माझं वजन मी त्यांच्यावर टाकणार नाही. दोर आढ्यावरून मागंच न्यावा लागेल."

आम्ही सगळे मागच्या बोळात गेलो. एका बाजूला इन्स्टिट्यूटची भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कमरेएवढं कुंपण आणि त्यामागं सातूचं मोकळं रान. झाड नाही, दगड नाही. कुंपणाचे खांब माझ्या मनगटाएवढे.

"यूट," टॅमसिन म्हणाली.

"नाही."

"आई, दुसरं काही नाहीये इथं."

"मग चढायचं नाही. संपलं."

"आणि पत्रे?"

"पत्रे गेले खड्ड्यात!"

"पोरांच्या डोक्यात गेले तर?" टॅमसिननं पिशवीतून पट्टे काढले आणि पाय घालायला लागली. "हे बघ, मी चढणार आहे. तू दोर लावलास तर दोरानं चढेन. नाही लावलास तर तशीच चढेन. तू ठरव."

ग्लेनिसनं गळ्यातली कडी मुठीत धरली. हेडली आकाशाकडे बघत होता, जणू तिथं काहीतरी लिहिलंय. तेवढ्यात कोपऱ्यावरून काठीचा आवाज आला. क्लेम. एवढं अंतर तो सहसा चालत नाही.

"यूट आणा," तो म्हणाला. "मी आत बसतो."

"तू कशाला बसतोस?"

"बसायला मला कुणी शिकवायला नको. एकोणीस वर्षं तेच करतोय."

क्लेम एकटाच हसला.

मग ग्लेनिस कामाला लागली, आणि मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. हात भराभर चालत होते पण एकही गोष्ट ती एकदा करून सोडत नव्हती. यूट बोळात आडवी घेतली, सुटलेल्या पत्र्यांच्या अगदी सरळ रेषेत. "जरा अलीकडे घेतली असतीस तर बोळ मोकळा राहिला असता," हेडली म्हणाला. "तिरका दोर म्हणजे झोका, हेडली. पडली तर लोलकासारखी भिंतीवर आपटेल." गियर टाकला, हातब्रेक ओढला, चारी चाकांना दोन्ही बाजूंनी रेल्वेचे जुने ओंडके लावले. दोर मागच्या हुकाला नाही, गाडीच्या सांगाड्याच्या जाड पोलादी पट्टीला दोन वेढे देऊन बांधला. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. मोज्यात घातलेला क्रिकेटचा चेंडू बारीक सुतळीला बांधून तिनं आढ्यावरून फेकला, तिसऱ्या फेकीत तो पलीकडे पडला, आणि सुतळीमागून जाड दोर ओढून घेतला. आढ्यावरच्या पत्र्याची धार दोर कापते, म्हणून त्यावर बंबाच्या जुन्या नळीचा तुकडा ओवला होता. तो बरोबर आढ्यावर बसेपर्यंत ती दोर पुढंमागं करत राहिली.

पुढच्या अंगाला टॅमसिन उभीच होती. जमिनीवरच तिच्या पट्ट्याची पकड दोरावर चढवली. ही पकड माणसाबरोबर वर सरकते आणि झटका बसला की दोराला दात लावते. दोराच्या खालच्या टोकाला ग्लेनिसनं एक गाठ मारली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वर पोचली की मी मागून दोर आखडून घेणार आणि ही गाठ वर सरकून तिच्या पकडीखाली येणार. पन्हळीच्या दोन हात अलीकडेच ती अडली पाहिजे. पडल्यावर झेलण्यापेक्षा कडेपर्यंत जाऊच न देणं बरं. लटकलेल्या माणसाला खाली घ्यायला मला इथं कोण मदत करणार, हा हेडली?"

"मी आहे की!" हेडली म्हणाला.

"म्हणूनच म्हणते."

यूटची किल्ली क्लेमच्या तळहातात गेली. हेडलीच्या गाडीची, आमच्या गाडीची, इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातल्या बाईंच्या गाडीची, सगळ्या ग्लेनिसच्या कडीत. मला तिनं इमारतीच्या कोपऱ्यावर नेऊन उभं केलं. "तू इथून हलायचं नाहीस. इथून पुढचं अर्धं छप्पर दिसतं आणि मागची गाडी दिसते. आख्ख्या गावात अशी एवढीच जागा आहे."

तेव्हा मला तिच्या चकरांचा अर्थ लागला. पुढून मुलगी दिसते पण गाडी दिसत नाही. मागून गाडी दिसते पण मुलगी दिसत नाही. कुठंही उभं राहिलं तरी अर्धं काळीज पलीकडे.

टॅमसिन वर गेली, मागून दोर आखडून झाला आणि ग्लेनिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या समोरून ती जायची, पुढं जाऊन ओरडायची, "दोर ताठ ठेव!" वरून उत्तर यायचं, "ताठ आहे, आई!" पुन्हा माझ्या समोरून, मागं, यूटच्या खिडकीशी.

"किल्ली?"

"आहे."

"दाखव."

क्लेम तळहात उघडायचा. "मागच्या फेरीलाही दाखवली होती."

"दाखव म्हटलं की दाखवायची."

सातव्या आठव्या फेरीला बोळाच्या तोंडाशी ट्रकचा भोंगा वाजला. लायल होस्किन. मागं ट्रेलर, दोन्हींत काठोकाठ सातू. पाऊस यायच्या आत त्याला माल कोठाराशी पोचवायचा होता, आणि कोठाराचा जवळचा रस्ता हाच. त्यानं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मी दोन्ही हात हलवून थांब म्हणत होते, पण लायलला थांब म्हटलं की तो उतरतो.

"काय चाललंय? ही कुणाची गाडी मध्येच?"

"लायल, वर टॅमसिन आहे, दोर..."

"पाच मीटर पुढं घेतो आणि परत लावतो, झालं?" बोलत बोलतच तो आला. तो वाईट माणूस नाही. आत क्लेम बसलाय हे उन्हाच्या तिरिपीत त्याला दिसलंच नसावं. आणि त्याचा हात खिडकीतून आत गेला, किल्लीच्या जागी. आमच्यापैकी प्रत्येकाचा हात जातो तसा, न विचारता, सवयीनं.

ग्लेनिस नेमकी तेव्हा कोपऱ्यावरून वळत होती. तिला फक्त तो हात दिसला.

तिच्या तोंडून निघालेला आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. लायल जागच्या जागी गोठला. आतून क्लेमनं त्याचं मनगट धरलं होतं.

"सकाळ छान आहे, लायल," क्लेम म्हणाला. "किल्ली माझ्याकडे आहे. हात काढ, नाहीतर काच वर करतो."

"मला... मला काय माहीत तू आत..."

"तुला माहीत असायचं कारणच नाही. म्हणून तर मी आत बसलोय."

ग्लेनिस त्याच्या अंगावरून पुढं गेली, ट्रकच्या पायरीवर चढली, आत वाकली आणि ट्रकची किल्ली काढून गळ्यातल्या कडीत अडकवली. लायल बिचारा कुंपणाला टेकून टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग ती यूटच्या खिडकीशी आली. किल्ली दाखव असं ती म्हणाली नाही.

"क्लेम, एकदा तोंडानं बोल."

"काय बोलू?"

"ते सॉसचं. एकोणीस वर्षं तू माझ्यासमोर कोरडा घास गिळतोस. शिक्षा द्यायची तर दे, मी नाही म्हणत नाही. पण एकदा शिव्या तरी घाल मला."

क्लेम खिडकीतून तिच्याकडे वळला. खरोखर काही न कळल्यासारखा.

"तुला वाटत होतं ते तुझ्यासाठी आहे?"

"मग कुणासाठी?"

"अगं वेडे. वरून बोंबलून सॉस कुणी मागितला? मी. कोरडी खाल्ली असती तर मेलो असतो का? किल्ली आत कुणी ठेवली? मी. ताडपत्री तशीच लोंबत कुणी सोडली? ती बाटली पुढं आली की मला माझाच आवाज ऐकू येतो. सॉस कुठाय, सॉस कुठाय. कसा घशाखाली उतरेल?"

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू कधी एका जागी थांबलीस ऐकायला? एकोणीस वर्षं नुसत्या चकरा मारतेयस."

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात उत्तरेकडून वाऱ्याचा पहिला झोत आला, गरम, धुळीचा. रेडिओनं सांगितलं होतं त्याच्या दोन तास आधी. पुढच्या पाख्यावर पत्रा थाळीसारखा वाजला. मी वर पाहिलं. सुटलेल्या पत्र्यानं टॅमसिनच्या नडगीला धक्का दिला, ती बसली आणि बसल्या बसल्या घसरायला लागली. पन्हळीकडे. दोर तारेसारखा ताणला गेला. यूटचा मागचा भाग किंचित उचलला गेला आणि थांबला. टॅमसिनही थांबली. तिचे बूट पन्हळीपासून दोन हातांवर होते.

"ती ठीक आहे!" मी ओरडले. "दोरानं धरलंय! ती ठीक आहे!"

मला वाटलं ग्लेनिस आता माझ्या अंगावरून पुढं धावणार. ती धावली नाही. भिंतीशी ताणलेल्या दोरावर तिनं हाताचा पंजा ठेवला आणि तशीच उभी राहिली, नाडी बघावी तशी. दोर तिच्या हाताखाली थरथरला, सैल झाला, पुन्हा ताठ झाला.

"उठली," ती म्हणाली. तिथून तिला काहीच दिसत नव्हतं. "वर सरकतेय. डाव्या पायावर भार आहे, उजवा दुखावलाय."

"आई!" पलीकडून आवाज आला. "चारच स्क्रू राहिलेत!"

"वारा बघ आधी!"

"पडलाय आता!"

ग्लेनिसनं कुंपणावरून रानातल्या सातूकडे पाहिलं, कणसं किती वाकतात ते. "चार लाव आणि उतर. पाचवा लावलास तर मी वर येईन!"

ते चार स्क्रू बसेपर्यंत ती जागची हलली नाही. हात दोरावर. खिडकीतून क्लेमनं स्वतःहून मूठ बाहेर काढली, उघडली आणि किल्ली दाखवली. तिनं तिकडे पाहिलंही नाही, नुसती मान हलवली.

टॅमसिन साडेदहाला खाली आली. नडगीवर निळा डाग, बाकी काही नाही. दोर सोडल्यावर यूट बाजूला झाली. हेडलीच्या बायकोनं पेस्ट्यांचं ताट आणलं आणि आम्ही इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर बसलो. सॉसची बाटलीही होती ताटात. ती हातोहाती फिरत क्लेमपाशी आली. ग्लेनिसनं नजर आपल्या बुटांवर ठेवली. क्लेमनं बाटली हलवली, थेंबभर पेस्टीवर घातला, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कसा आहे?" टॅमसिननं विचारलं.

"आंबट."

"सवय गेली तुमची, बाबा."

"सवय कसली गेली! हेडलीची बायको पूर्वीपासून स्वस्तातलाच आणते."

"काय म्हणालास?" आतून आवाज आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ग्लेनिस हसली. हसता हसता तिला ठसका लागला, मग तो थांबेना, आणि टॅमसिन तिची पाठ चोळत बसली. डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणी विचारलं नाही. क्लेमनं उरलेली पेस्टी कोरडीच संपवली.

बोळातून भोंगा ऐकू आला. लांबलचक.

"अगं ए ग्लेनिस! माझ्या ट्रकची किल्ली! पाऊस आला की एवढा सातू तू वाळवणार आहेस का?"

तिचा हात गळ्याकडे गेला. गावातल्या निम्म्या किल्ल्या तिथं खुळखुळत होत्या.

चार वाजता वादळ आलं. मुलं दुसऱ्या कोपऱ्यावर उतरली, शाळेच्या बसनं तेवढी काळजी घेतलीच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून इन्स्टिट्यूटकडे बघत होते. पावसाच्या पहिल्या सरीत ग्लेनिस रेनकोट घालून तिथं आली होती. छपराकडे बघत उभी राहिली. पत्रे वाजत होते, पण जागेवर होते. मग तिनं इमारतीला एक फेरी मारली. दुसरी मारायला निघाली. कोपऱ्यावर, मला उभं केलं होतं त्याच जागी, थांबली. रस्त्यावर यूट आली, क्लेमनं खिडकीतून हात केला आणि आतून पलीकडचं दार उघडलं. ती आत बसली. गाडी निघायच्या आधी मात्र ती पुन्हा उतरली, मागं गेली आणि वाकून पाहिलं, हुकाला काही बांधलेलं तर नाही ना.